शक्यतो

खडीचा तो तुकडा कागदांवर बसला होता – ओबडधोबड, एका कडेला धार – आणि त्याच्याखालून कायद्याच्या मसुद्यातलं एकच वाक्य डोकावत होतं: 'काम मागणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस ते दिले जाईल.' दिले जाईल... उपसचिवाला ते वाक्य फारच उघडंवाघडं वाटलं.

त्याची सारी नोकरी एका शब्दावर उभी होती. शक्यतो पाणी पुरवावे, शक्यतो चौकशी करावी. खात्यात त्याला 'शक्यतोसाहेब' म्हणत. त्या शब्दाने आजवर कुणाचं वाकडं झालं नव्हतं. भलं झालं होतं असंही नाही.

सकाळीच वित्त खात्यातल्या साडूचा फोन येऊन गेला होता. "अरे, तुझा लाडका शब्द घाल की परत आत. तिजोरी काय तुमच्या बाईंच्या माहेरची आहे?"

"बाईंनी खोडलाय तो."

"त्या पुन्हा वाचणारेत का?"

नव्हत्या. सचिवबाई म्हणाल्या होत्या, "तुम्ही बघितलंत की झालं. द्या छापायला." एवढा विश्वास माणसावर टाकू नये, पचत नाही.

...सरकारी दुष्काळ संपला म्हणून रस्त्याचं काम बंद झालं, तो दिवस. तो आणि सचिवबाई पाहणीला गेले होते. खडी फोडणाऱ्या एकीने त्याला विचारलं, "साहेब, उद्या यायचं का?"

"शक्यतो."

"म्हणजे यायचं, का नाही यायचं?"

सगळे हसले. सचिवबाईही हसल्या, वाकून त्यांनी हा तुकडा उचलला, आणि परतताना जीपमध्ये तो हातातच धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर हा तुकडा, त्याखाली हे वाक्य – आणि मग त्यासाठी त्यांनी काय काय अंगावर घेतलं! "दुष्काळ नसतानाही काम द्यायचं?" मंत्र्यांनी विचारलं. "लोक दुष्काळ नसतानाही जेवतात, साहेब." तो शेजारीच होता, त्याला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. टिपणात त्याने लिहिलं: 'चर्चा झाली.'

त्याने पेन उघडलं. 'व्यक्तीस' आणि 'ते' यांच्या मध्ये जागा होती, बोटभर... फोन वाजला. बायको.

"आज जेवायला घरी आहात का?"

"येतो."

"नुसतं 'येतो'? बरं वाटतंय ना तुम्हाला?"

त्याने फोन ठेवला. 'येतो' अजून जिभेवर होता, नुसता, आगापिछा नसलेला. आणखी एक पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि एकदम जमीनच लागावी, तसं काहीतरी छातीत झालं. पेन उघडंच होतं. निबावरची शाई वाळत चालली होती, ती बोटभर जागा कोरीच होती.

येतो म्हणालो... म्हणजे आता जावंच लागणार.