यमनाचं बी

रिफ पर्वताच्या उतारावर अल्लालचं गांजाचं शेत यंदा दृष्ट लागावी असं माजलं होतं, आणि तेच बघून म्हातारा चालता चालता थबकला. झाडं बुटकी, फांद्यांनी गच्च, पानांची बोटं रुंद. बायको यमना होती तेव्हा इथं काटकुळी, एकशिवडी झाडं उभी असायची. पानं बारीक आणि पीक पावसाच्याच पाण्यावर.

बी राखायचं काम यमनाचं. "तहानेनं जे आधी पिकतं ना, त्याचंच ठेवायचं," असं म्हणत ती शेतातलं सगळ्यात मरतुकडं झाड निवडायची. अल्लाल हसायचा. ती गेल्यावर दोन वर्षं त्यानं धष्टपुष्ट झाडांचं बी राखलं. मोठा शहाणा! ती झाडं शेजारच्या झियादच्या संकरित नर झाडांचे पराग वाऱ्यानं येऊन धरलेल्या बियांची होती, हे त्याला आत्ता कळत होतं.

झियाद बांधावर येऊन उभा राहिला. "काका, नर झाडं आजच उपटा हं. त्यांच्या परागानं माझ्या पिकात बी भरलं तर त्याला काळं कुत्रं विचारणार नाही."

"उपटतो रे बाबा. आधी एक झाड शोधू दे."

दोघांनी मिळून सगळं शेत पालथं घातलं. जुन्या वाणाचं एकच झाड सापडलं. उंच, लांब पेरांचं, कळ्या अजून मिटलेल्या. नर.

"मादी एकही नाही?"

"नाही. मीच संपवलं तिचं बी." अल्लाल मटकन खाली बसला. त्याला रडू आवरेना.

झियादनं वाकून त्या झाडाच्या कळ्या निरखल्या. "हे तोडून घरात पाण्यात ठेवा. फुललं की पराग आत्ताच्या एखाद्या मादीच्या एका फांदीला लावा आणि वर फडकं बांधा. जुनं वाण अर्धं तरी उतरेल."

"अर्ध्याचं काय करू?"

"पुढच्या वर्षी त्यातलं काटकुळं निवडा. मग त्यातलं पुन्हा. हळूहळू येईल माघारी."

"किती वर्षं?"

"सात-आठ."

अल्लालला अठ्ठ्याहत्तरावं लागलं होतं. त्यानं डोळे पुसले, कंबरेचा चाकू काढला आणि झाड बुंध्याशी अलगद कापलं.

"मग उद्या सकाळी चहाला ये," तो म्हणाला. "कुठलं निवडायचं ते तुलाच शिकवून ठेवतो. मला तिच्याइतकं येत नाही. आठवून आठवून सांगेन."