नकाशावरची बारीक रेघ

फिनलंडच्या उत्तर टोकाकडच्या सेवेत्तियार्वीच्या नकाशावर या वेळी गावांची, तळ्यांची नावं फिनिशबरोबर तिथल्या मूळच्या स्कोल्ट लोकांच्या भाषेतही छापायची, असं वरून ठरून आलं आणि ते काम दोम्ना लेहतोलाच्या टेबलावर येऊन पडलं. इवालो गावच्या मोजणी कचेरीत कॉम्प्युटरवर नकाशे काढणारी तीच एकटी होती. तिला ते काम देण्यामागे दुसरं काही कारण नव्हतं.

ती स्वतः स्कोल्ट आहे, हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. लेहतोला हे नवऱ्याचं आडनाव. नवरा तिला सोडून ओउलू शहरात निघून गेला, तरी आडनाव तिनं ठेवलं. ते अंगावर असलं की कुणी काही विचारत नसे.

पहिलंच नाव टाइप केलं, तर पडद्यावर मधेमधे नुसत्या रिकाम्या चौकटी उमटल्या. त्या प्रोग्रॅमकडे ही अक्षरं नव्हतीच. मग एकेक अक्षर स्वतः बनवायचं ठरलं. त्या प्रोग्रॅमच्या लेखी अक्षर म्हणजे पेनाचा प्रवास. पेन टेकव, वर जा, तिरका खाली ये, पेन उचल, आणि प्रत्येक हालचालीला एक आकडा. दोम्ना चौकटीच्या कागदावर आधी अक्षर काढी, मग त्याचे आकडे मांडी, मग प्लॉटरवर, त्या पेन धरून रेघा काढणाऱ्या यंत्रावर, उमटवून बघी. रोमन ‘k’च्या डोक्यावरची टोपी पहिल्यांदा इतकी उंच गेली, की ती वरच्या ओळीचीच वाटायला लागली. ‘g’च्या पोटातली आडवी रेघ जाड होऊन अक्षरच बुजलं. हिवाळाभर ती त्यात बुडालेली होती. खिडकीबाहेर दिवस उजाडतच नव्हता, त्यामुळे मान वर करायचंही काही कारण नव्हतं.

काम करताना ओठ आपोआप हलत. आई चुलीपाशी बसून तळ्यांची नावं घ्यायची, तो आवाज कानात होता. पण वसतिगृहाच्या शाळेत ती भाषा तोंडातून निघाली की बाई जेवणाच्या रांगेत सगळ्यांत मागे उभं करायच्या. तेव्हापासून शब्द घशापर्यंत येत आणि तिथंच थांबत.

सगळ्यांत सोपं चिन्ह होतं ते शब्दाच्या मधे येणाऱ्या बारीक उभ्या रेघेचं. ती रेघ असली की शब्द मऊ होतो, जीभ टाळूला हलकेच टेकते. नसली तर तो शब्द तो राहतच नाही. पेन टेकव, जरासं खाली ये, उचल. एवढंच. तरी त्या रेघेची लांबी ठरवायला तिनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

मार्चमध्ये अख्खा नकाशा छपाईच्या पारदर्शक फिल्मवर निघाला. छपाईआधी तो तपासायचं काम राइमोचं. राइमो मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, मनानं चांगला माणूस. कॉफीच्या वेळी दोम्नाशेजारची खुर्ची त्याचीच. दुपारी तो हात पुसत आला.

“चल, काढ कॉफी! तुझ्या नकाशाला आंघोळ घालून आलो.”

“म्हणजे?”

“अगं, केवढी धूळ बसली होती! प्रत्येक नावात बारीक बारीक काळे ठिपके. ब्लेडनं एकेक खरवडून काढला. डोळे फुटायची वेळ आली.”

दोम्ना उठून तपासणीच्या टेबलाशी गेली. सगळ्या रेघा गेल्या होत्या. तळी, खाड्या, टेकड्या, सगळी नावं कोरडीठाक उभी होती.

“राइमो, ती धूळ नव्हती. अक्षर होतं ते.”

“तो ठिपका? कशावरून?”

“आमच्या बोलण्यात आहे ते.”

“आमच्या म्हणजे कुणाच्या?”

“स्कोल्टांच्या. माझी आई तिथल्या फेओदोरॉफांच्या घरातली. माझा जन्म तिकडचाच.”

शेजारी कॉफीच्या खोलीत कुणाचा तरी चमचा वाजायचा थांबला. राइमोच्या मानेपर्यंत लाली चढली.

“इतकी वर्षं मी स्कोल्टांचे विनोद सांगतोय,” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि तू हसायचीस.”

“हो. हसायचे.”

“एका शब्दानं सांगायचं होतंस.”

दोम्ना फिल्म उचलून आपल्या टेबलाकडे गेली. नकाशा पुन्हा काढला, पुन्हा तपासला, छापून आला. राइमोनं कधी वाकडा शब्द काढला नाही. दार धरून ठेवी, हवापाण्याचं बोले. फक्त कॉफीला तो आता खिडकीशी बसू लागला, आणि दोम्नाच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. हसू मात्र त्या खोलीत पूर्वीसारखं कुणालाच येईना.

एप्रिलमध्ये नकाशाची गुंडाळी घेऊन ती सेवेत्तियार्वीला मामाकडे गेली. आईच्या दफनानंतर ती इकडे फिरकली नव्हती. ओंद्रेईमामा दारातच उभा होता. कुत्रं भुंकत होतं, तळ्यावर अजून बर्फ होता. मामानं समोवारच्या, त्या पितळी बंबाच्या, तोटीतून चहा ओतला, पुढ्यात मासा ठेवला आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. तिला सगळं कळलं. उत्तर मात्र फिनिशमध्ये आलं.

मामानं नकाशा पसरला, चष्मा चढवला आणि बोट फिरवत नावं मोठ्यानं वाचू लागला. वाचता वाचता तो थबकला.

“ही खाडी इथं नाही. तिकडं. त्या खाडीत माझ्या बापाचं जाळं असायचं, मला सांगतेस?”

“मला जिथं सांगितलं, तिथं लिहिलं, मामा.”

“आणि ही अक्षरं कुणी काढली?”

“मी.”

“सगळी?” त्यानं तिच्याकडं चष्म्यावरून पाहिलं. “मग वाच की.”

दोम्नानं बोट तळ्यावर ठेवलं. त्या रेघेचे आकडे तिला झोपेतही आठवले असते. तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.

“वा!” मामा म्हणाला. “तुझ्या यंत्राला येतं, तुला येत नाही.”

चेष्टाच होती ती. पण दोम्नानं नकाशाची गुंडाळी करायला घेतली. निघताना त्यानं वाळवलेल्या माशांची पिशवी गाडीत टाकली आणि काच वर व्हायच्या आत म्हणाला, “फोन कर. बिल माझ्या नावावर येत नाही ना, मग काय.”

तिनं रविवारी फोन केला. नमस्कार-चमत्कार न करता आईच्या भाषेतला एकच शब्द म्हणाली. तळं.

“नाही,” मामा पलीकडून म्हणाला. “दगडासारखं वाजतंय. मऊ म्हण.”

ती पुन्हा म्हणाली.

“नाही.”

पुन्हा.

“हं. जरा बरं. आता थांब, कुत्र्याला खायला घालायचंय.” फोन ठेवल्याचा आवाज आला.

दोम्ना रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता. जीभ टाळूला टेकवून, भिंतीकडं बघत, तिनं तो शब्द आणखी एकदा म्हटला. बरोबर झाला की चुकला, हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.