पहिल्या सालीचं दूध

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या वखारीत करवतीवर काम करणारा शफी म्हणतो, "शेठ, मशीनवर पाणी सोडतो तसं तुमच्यावर पण सोडायला पाहिजे." त्या सोमवारी तर मी सकाळपासूनच तापलो होतो. बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एजंटाचा फोन आला होता, "सोमनाथभाऊ, तुमच्या सागाच्या कंटेनरची तपासणी आहे. फीची पावती घेऊन डेपोत या."

कसली फी? तर आफ्रिकेतून आलेल्या ओंडक्यांना कीड लागलीय का, ते सरकार बघणार, त्याची फी! तीस वर्षं नाशकात लाकडाचा धंदा करतोय. लाकडाला नुसतं बोट लावून सांगतो मी, आत काय आहे ते. फी भरून पावती खिशात कोंबली आणि चडफडत शहराबाहेरच्या कंटेनर डेपोत गेलो.

तपासायला रेहाना मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या असतील. गळ्यात भिंग, हातात टॉर्च आणि एक छोटा चाकू. म्हटलं, ही बारकी पोरगी काय ओंडके तपासणार? राहवलं नाही म्हणून बोललोच, "मॅडम, लाकूड माझं, कीड असलीच तर तिकडची, आणि बघायचे पैसे मी भरायचे? हा कुठला न्याय?"

त्यांनी कागदावरून मान वर न करताच सांगितलं, "काका, किडीचं बँकेत खातं नसतं ना, म्हणून."

एजंट फिसकन हसला. माझा पारा आणखी चढला.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. नवा माल आला की त्याची पहिली साल बहिणीच्या चुलीत जाते. त्यावर दूध चढवायचं, ते उतू जाऊ द्यायचं, मगच करवत सुरू करायची. वखार उभी केली तेव्हा वडिलांनी हे सुरू केलं. माझी थोरली बहीण कुसाबाई, माझी अक्का, सटाण्याजवळच्या मळ्यात राहते. तिच्याकडे आता गॅस आहे, पण एवढ्यासाठी तिनं परसात चूल राखलीय.

कंटेनरचं सील तोडून दार उघडलं तेव्हा दाराशीच सालीचे तुकडे पडलेले. मॅडम टॉर्च घेऊन आत गेल्या, एजंट फोनवर. मी वाकलो आणि चार तुकडे पिशवीत टाकले. चोरीबिरी माझ्या मनातसुद्धा नव्हती. माझ्याच मालाची साल, त्यात काय एवढं? मॅडमनी नमुने घेतले आणि बजावलं, "निकाल येईपर्यंत इथली काडीसुद्धा बाहेर जायची नाही." पिशवी तेव्हा माझ्या गाडीच्या डिकीत होती. मी मान हलवली.

त्याच दुपारी अक्काचा मुलगा दीपक ठिबकचं सामान घ्यायला नाशकात आला होता. त्याच्याकडे पिशवी दिली. म्हटलं, "अक्काला सांग, रविवारी येतो." तो म्हणाला, "मामा, साल जास्त असेल तर आई डाळिंबाच्या बुडात घालेल. तिला काही वाया गेलेलं चालत नाही, माहितीय ना?" मी हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मंगळवारी सकाळी मॅडमनी बोलावलं. टेबलावर पांढरा कागद, त्यावर माझ्या ओंडक्याचा एक तुकडा. "बघा," म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. सालीला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं होती, त्यातून पिठासारखा भुसा पडत होता. आणि एका भोकातून काळा, मोहरीपेक्षा लहान किडा बाहेर येत होता. जिवंत!

"हा नेमका कोणता, ते प्रयोगशाळा सांगेल," मॅडम म्हणाल्या. "पण या जातीतले काही किडे उभ्या झाडात शिरतात. खोड पोखरलं की झाड जागेवर वाळतं."

"कुठलं झाड?"

"आंबा, डाळिंब... सांगता येत नाही."

 अक्काची आधीची बाग तेल्या रोगानं गेली होती. जेसीबी लावून झाडं उपटली, तेव्हा ती बांधावर बसून होती. त्यानंतर तिनं पुन्हा चारशे झाडं लावली, लेकरांसारखी वाढवली. यंदा पहिल्यांदाच झाडं फळांनी लगडली होती. आणि मी, शहाणा, तिच्या घरी कीड पाठवली होती!

खोटं कशाला बोलू, पहिला विचार माझाच आला. केस होईल, लायसन्स जाईल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण बांधावर बसलेली अक्काही दिसली. म्हणालो, "मॅडम, माझ्या हातून एक गाढवपणा झालाय."

सगळं ऐकून त्यांनी दोनच प्रश्न विचारले. केव्हा दिली? कुठं आहे? मग वरिष्ठांना फोन करून परवानगी घेतली आणि म्हणाल्या, "गाडी काढा."

अक्काचा फोन नुसता वाजत होता. दीपक कळवणला गेलेला. तो फोनवर म्हणाला, "पिशवी आईच्या हातात दिली, पुढचं मला माहीत नाही." चांदवड येईपर्यंत मी अठरा वेळा फोन लावला असेल. मॅडम म्हणाल्या, "काका, फोन माझ्याकडे द्या. तुम्ही रस्त्याकडे बघा." एका शब्दानं रागावल्या नाहीत. त्यामुळे मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

मळ्यात पोचलो तेव्हा अक्का बागेतून येत होती. सासरी राहून तिच्या बोलण्यात अहिराणी मिसळलीय. "उना का भाऊ? आज कसा काय?"

"अक्का, साल कुठाय? झाडांना घातली का?"

"आधी चुलीचं, मग झाडांचं," ती म्हणाली. "तू आल्याबिगर मी कधी दूध चढवलंय का? उरली असती ती घातली असती रविवारी. डबामा शे, जशीना तशी."

"कुठल्या डब्यात?"

"कुरडयांच्या. ओली झाली तर धूर करते नुसता, म्हणून घट्ट झाकण लावून ठेवली."

मी डबा ओट्यावर आणून ठेवला. मॅडमनी डबा मोठ्या पारदर्शक पिशवीत घातला, वरून गाठ मारली आणि बाहेरूनच झाकण उघडलं. तळाला पांढरं पीठ पडलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूनं दोन काळे किडे फिरत होते. अक्कानं तोंडावर हात घेतला. सगळं समजल्यावर ती बागेकडे बघत राहिली आणि मग तिनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी लहान असतो तर एक धपाटा नक्की बसला असता.

मॅडमनी गाठ जराशी सोडून नमुना बाटलीत घेतला, पिशवी पुन्हा बांधली. "बाकीचं डब्यासकट जाळा. आत्ता, माझ्यासमोर."

"डब्यासकट? बाई, नवा पत्र्याचा डबा आहे हो!"

"अक्का, दहा डबे आणतो," मी ओरडलो. "जाळ तो!"

परसातल्या चुलीत मोठा जाळ केला, बंद पिशवीच आत सरकवली. प्लास्टिकचा घाण वास सुटला. तोवर मॅडम टॉर्च आणि भिंग घेऊन घराजवळच्या ओळींत फिरल्या. झाडापाशी वाकायच्या, खोड बघायच्या, पुढं जायच्या. तासाभरानं घाम पुसत आल्या. "जवळच्या एकाही झाडाला काही नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बघून जाईन."

मी हात जोडले. म्हणालो, "मॅडम, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार नाही, काका, काम आहे माझं. आणि तुमचं नाव मला रिपोर्टात लिहावं लागेल. दंड होईल. सगळ्या कंटेनरला कीड मारायच्या गॅसची धुरीही द्यावी लागेल."

"लिहा," मी म्हणालो. "मोठ्या अक्षरात लिहा."

पिशवीचा वास गेला, सालीच्या राखेसकट डबा बाहेर काढला, तेव्हा अक्कानं त्याच निखाऱ्यांवर नवी लाकडं लावून दूध चढवलं. दूध उतू गेलं. पहिला पेला तिनं माझ्याकडे नाही, मॅडमकडे दिला. "घे पोरी. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही."

मग माझ्याकडे वळली. "किती घेतली रे यांनी फी?"

मी खिशातली चुरगळलेली पावती काढून दिली. तिनं ती हातानं सरळ केली, आकड्यावर बोट ठेवून नीट वाचली.

"बस, एवढीच?"

 अक्का आत गेली आणि पावती देव्हाऱ्यात ठेवून तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं.

"अक्का, ती एजंटाला द्यायची आहे," मी म्हणालो.

"उद्या दे," ती म्हणाली. "आज इथंच राहू दे."