नाताळासाठी टांगलेलं मांस

पी सियामीच्या, म्हणजे सियामीबाईच्या, हातून आजवर एकही सांत्वन बिघडलं नव्हतं. त्या मिझो गावात कुणी गेलं की टेकडीवरच्या कर्ण्यातून नाव पुकारलं जायचं, आणि ते पुरतं ऐकू येण्याआधी सियामी चहाचं पातेलं घेऊन त्या दारात हजर. चर्चच्या मंडळीतल्या बायकांची ती अकरा वर्षं पुढारीण. पाणी कुणी भरायचं, लाकडं कुणी आणायची, गेलेल्याच्या आईच्या उजव्या बाजूला कोण बसणार, सगळं तीच ठरवी. शोकाच्या घरच्या माणसानं काडी इकडची तिकडे करायची नाही, चूल पेटवायची तर बातच नको, हा तिचा नियम. पाळकसाहेबसुद्धा तिला विचारून रडतात, असं लोक म्हणायचे. लोकांचं काय, जिभेला हाड नसतं.

या डिसेंबरात कर्ण्यातून रुआलाचं नाव आलं. तेवीस वर्षांचं पोर, पलटणीत होतं. उत्तरेत बर्फाचा कडा कोसळला आणि त्याखाली गेलं. नाताळच्या रजेला दहा दिवस उरले होते. चौथ्या दिवशी शवपेटी विमानानं, मग लष्कराच्या ट्रकनं डोंगर चढून आली. तिच्यासोबत पेगू नावाचा एक हवालदार आला, आसामातला, मोठ्या नदीच्या काठचा.

सियामीनं सगळं चोख केलं. गावची पोरं कबर खणायला लावली, चर्चचा ढोल मागवला, गाणारे बसवले. एकच गोष्ट जमेना. रुआलाची आई थांगी जेवत नव्हती. पाच दिवस नुसता कोरा चहा. सियामीनं पेज केली, अंडी उकडली, बायबलातली वचनं वाचून दाखवली, शेवटी चक्क रागावून पाहिलं. थांगी चुलीकडे तोंड करून बसून राहायची. अशानं ती पोराच्या मागोमाग जाईल, अशी भीती सियामीला वाटायची. पण ते सांगणार कुणाला? सगळे तर तिलाच येऊन सांगत.

सहाव्या दिवशी सकाळी हवालदार पेगू निरोप घ्यायला आला. रुआलाकडून शिकलेल्या तोडक्यामोडक्या मिझोत म्हणाला, "आई, निघतो. रुआलानं मला नाताळला बोलावलं होतं. म्हणायचा, आई माझ्यासाठी ऑक्टोबरपासून चुलीच्या धुरावर डुकराचं मांस टांगून ठेवते. वर डब्यातली डाळ खाताना रोज तेच पुराण. कान किटले आमचे. ते मांस मला नुसतं बघायला मिळेल?"

थांगीनं मान वर केली. चुलीवरच्या बांबूच्या मांडणीखाली नुसता आकडा लोंबत होता.

सियामीनं हातातली किटली खाली ठेवली. "तुम्ही डुक्कर खाता?"

"मावशी, मी मिसिंग जमातीचा माणूस. आमच्यात डुकराशिवाय लग्न लागत नाही."

"मग दोन दिवस मुकाट बटाटे का खाल्लेत?"

"तुम्ही वाढलेत म्हणून."

झालं होतं असं. सपाटीवरचा माणूस घरी उतरणार, हे लोक डुकराला शिवत नाहीत, त्याला घास जड जाऊ नये, म्हणून सियामीनं पेटी यायच्या आधीच ते मांस काढून नेलं. आणि नेल्यावर चांगलं मांस वाया कशाला घालवायचं? तिनं ते कबर खणणाऱ्या पोरांना शिजवून घातलं. पोरांनी बोटं चाटली.

मांस मांजरानं नेलं, असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. गावात मांजरं होतीही. पण समोर थांगी होती, आणि भिंतीवर येशूची तसबीर. दोघांपुढे एकदम खोटं बोलायचं धाडस तिला झालं नाही.

"रुआलाची आई, मी नेलं गं ते," ती म्हणाली. "पोरांना घातलं. मला काय माहीत, ते त्याच्यासाठी..."

"मला पहिल्याच दिवशी कळलं," थांगी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तू कामात होतीस."

सांत्वनाला बसलेल्या बायकांमधून सियामी उठली, धावत उतार उतरली आणि आपल्या घरातून त्या मांसाची वीतभर पट्टी घेऊन धापा टाकत वर आली. तेवढीच उरली होती. ती तिनं थांगीच्या हातात दिली.

थांगी उठली. तिनं चूल पेटवली.

"अगं, शोकाच्या घरात..." एक बाई बोलायला गेली.

"तू गप्प बस," सियामी म्हणाली. "लाकडं सरकव इकडे."

थांगीनं मांस बारीक चिरलं, मोहरीचा पाला टाकला, मीठ टाकलं. शिजल्यावर भातासोबत हवालदाराला वाढलं. तो मन लावून खात राहिला. अख्खं घर त्याच्या तोंडाकडे बघत होतं.

"कसं झालंय?" थांगीनं विचारलं.

"खोटारडा होता रुआला. म्हणायचा, आईचा हात मिठाला सढळ आहे. मीठ तर कमीच आहे."

"कमी कसं असेल?" थांगी चिडली. तिनं पातेल्यातली फोड उचलली आणि तोंडात टाकली. चावली. गिळली. मग भात घेऊन आणखी एक फोड खाल्ली. "कमीच आहे," ती म्हणाली.

हवालदार ताटात बघत होता.

आणि सियामीला रडू फुटलं. अकरा वर्षं ती दुसऱ्यांची रडणी आवरत आली होती, स्वतःचं कसं आवरतात ते तिला कळेना. बायकांपैकी कुणी हललं नाही. कुणी जायचं ते तीच तर सांगायची.

थांगीनं एक थाळी भरली, तिच्यापुढे ठेवली.

"खा. माझ्या पोरासाठी खणणाऱ्यांना तू उपाशी ठेवलं नाहीस. त्यानंही हेच केलं असतं."

आणि ती सियामीच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.