किटली, पुसून पुन्हा

किटली. काळी. पोट गोल, वर दांडी, एका बाजूला चोच. मागे भिंत.

पहिल्या दिवशी आईला एवढंच दिसलं, आणि तेवढंही कागदावर धड आलं नाही. जे आलं त्याला वरच्या मजल्यावरचे काका बदक म्हणाले.

"बसलेलं बदक आहे. अंडी उबवतंय."

"उबवू दे," आई म्हणाली. तिने जाड मऊ ब्रश घेतला आणि बदक झाडून टाकलं. कागद उलटा धरून वर्तमानपत्रावर टकटक केलं, खाली पडलेली रंगाची पूड एका बरणीत ओतली आणि पुन्हा किटलीसमोर बसली. काका चहा संपवून गेले तरी तिला कळलं नाही.

खडूंची पेटी लेकीच्या दुकानातून आली होती. लेक खालच्या मजल्यावर चित्रांना, फोटोंना चौकटी बसवून द्यायची. सगळी गल्ली तिला फ्रेमवाली म्हणायची, आणि चिडली की आईसुद्धा. घर रिकामं करणाऱ्या एका गिऱ्हाइकाने ती पेटी काउंटरवर ठेवली आणि पुन्हा म्हणून फिरकलं नाही. आत सॉफ्ट पेस्टलचे खडू, निम्मे तुटलेले. शाळेतल्या खडूपेक्षा कितीतरी मऊ. नुसतं बोट टेकलं तरी बोट रंगायचं. सोबत एकच कागद. पॉलिशपेपरसारखा खरखरीत, घट्ट पुठ्ठ्यावर डकवलेला. लावलेला रंग धरून ठेवायचा आणि झाडला की सोडून द्यायचा.

"आणखी कागद आणून देते," लेक म्हणाली.

"कशाला? हा संपलाय का?"

·

किटली. काळी वाटते, पण नाही. खिडकीकडून तपकिरी, पोटाखाली जांभळी. टेबलावरचा लाल कपडा तिच्या बुडात थोडा शिरलाय.

हे आईला बऱ्याच बदकांनंतर दिसलं.

तिने जन्मभर कोर्टात टायपिंग केलं होतं. एक मूळ प्रत, खाली कार्बन, त्याखाली आणखी कार्बन. एक अक्षर चुकलं की सगळी चळत ओढून काढायची आणि नव्याने सुरुवात. साहेब काही बोलायचे नाहीत, नुसते चष्म्यावरून बघायचे. ते बघणं तिला निवृत्त झाल्यावरही कधीमधी आठवायचं, भाजीत मीठ जास्त पडलं तरी.

इथे चुकलं की ब्रश. बास.

ती रोज तीच किटली काढायची आणि रोज तिच्याशी नवा खेळ खेळायची. एक दिवस डाव्या हाताने. एक दिवस किटलीकडे पाठ करून, आठवून. एक दिवस नुसती सावली, किटली नाहीच. एक दिवस पेटीतले तीनच खडू बाहेर: "आज शेंदरी, जांभळा आणि राखाडी. बाकीच्यांना सुट्टी."

लेक दुपारी जेवायला वर यायची तेव्हा आईच्या नाकावर रंग असायचा.

"काय झालं आज?"

"चोच पळून गेली. उद्या पकडते."

"आई, अगं दाखव तरी आधी. लगेच काय पुसतेस?"

"उद्या बघ ना. उद्या याहून बरी असेल."

आणि असायची. लेकीलाही ते कळत होतं. रोज कुणाकुणाची चित्रं हातातून जायची तिच्या. कडा कुठे हरवू द्यायची आणि कुठे घट्ट ठेवायची हे आईला आपोआप जमायला लागलं होतं. कागदही बदलला होता. कितीही झाडला तरी पुसलेल्या किटल्यांची थोडी थोडी राख त्याच्या खाचांत राहिली होती, आणि त्या धुरकट पार्श्वभूमीवर कुठलाही रंग टेकवला की बसल्या जागी उजळायचा.

लेकीला एकच वाटायचं. एवढं सगळं होतंय आणि संध्याकाळी हाती काय, तर बरणीभर पूड.

·

किटली. आधी किटली नाहीच. आधी मागची भिंत, मग खालची सावली, मग या दोघींच्या मधे जी जागा उरते ती. तिला हात लावायचा नाही. फक्त दांडीवर एक फिकट रेघ, खडू आडवा धरून, श्वास रोखून. झालं.

आई मागे सरकून बसली. काका आले होते. त्यांनी विनोद केला नाही, वाकून पाहिलं. मग म्हणाले, "वहिनी, ही गरम आहे."

दुसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकामागून एक काढायचे. मधल्या दिवसांत ती धाकट्या मावशीकडे राहणार होती, दवाखाना तिथून जवळ म्हणून. पिशवी भरायच्या गडबडीत तो कागद पुसायचा राहिला. टेबलावर तसाच होता, किटली असलेला.

निघताना आई म्हणाली, "माझ्या टेबलाला हात लावू नकोस हं, फ्रेमवाली."

"नाही गं बाई," लेक म्हणाली.

·

किटली. सॉफ्ट पेस्टल.
चौकट: बारीक, अक्रोडी रंगाची.
माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा: दुहेरी, मोतिया.
काच: चित्राला टेकणार नाही अशी, कडेला पट्ट्या देऊन उचललेली.
मागची बाजू: टेपने पूर्ण बंद. धूळ जाणार नाही, चित्र हलणार नाही.
जागा: टेबलासमोरची भिंत.

लेकीने आजवर इतकं जीव लावून कुठलंच काम केलं नव्हतं. एक कोपरा किंचित उघडा वाटला म्हणून अख्खी चौकट पुन्हा कापली.

आई घरी आली. मावशीने तिला दारापर्यंत सोडलं. चपला काढता काढता आईने टेबलाकडे पाहिलं. मग टेबलाखाली. मग कपाटाच्या वर.

"माझा कागद?"

"वर बघ," लेक म्हणाली. "अगं तिकडे नाही, समोर."

आईने समोर बघितलं. खूप वेळ बघितलं. लेकीने दुकानात असे चेहरे पाहिले होते: लोकांना आपलंच चित्र चौकटीत बघून शब्द सुचत नाहीत. ती वाट बघत राहिली.

"कोपरे छान जुळवलेस," आई म्हणाली. मग हळूच, "पिवळी आहे गं थोडी."

"दिव्यामुळे."

दुसऱ्या दिवशी लेकीने खोलीतला दिवा बदलून पांढरा लावला.

·

किटली.

नवा कागद कोरा होता. लेकीने चांगल्यातला आणला होता, गठ्ठाच. आईने एक रेघ ओढली, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. ब्रशने झाडलं. झाडल्यावर कागद पुन्हा तितकाच कोरा.

दातांचे डॉक्टर दुकानात आले होते. आपल्या वडिलांचा फोटो चौकटीला दिला आणि गप्पांच्या ओघात लेकीसोबत वर येऊन किटली बघून गेले. वेटिंग रूमसाठी तशाच तीन-चार करून द्याल का, असं विचारलं.

"तशाच म्हणजे?" आईने नंतर लेकीला विचारलं.

"म्हणजे अशाच. हीच किटली. लोकांना घरच्यासारखं वाटेल म्हणाले."

"दात उपटल्यावर चहा मिळेल असं वाटेल," काका म्हणाले.

आई हसली नाही. "तशाच म्हणजे नकला," ती म्हणाली.

तिने प्रयत्न केला. लेकीसाठी केला, हे लेकीला तेव्हा कळलं नाही. आई आता सकाळी ठरवून बसायची. पेटीतले सगळे खडू बाहेर, कुणालाच सुट्टी नाही. डावा हात मांडीवर. दुपारी लेक वर आली की आईच्या नाकावर काही नसायचं, आणि कागद झाडलेला नसायचा, फाडलेला असायचा.

मग एक दिवस पेटी बंद झाली.

"डोळे दुखतात," आई म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. डोळे उत्तम होते.

·

"आई."

"हं."

"काचेवर धूळ बसलीय. पुसू का?"

"पूस ना. विचारतेस काय?"

"टीव्ही बंद कर जरा."

"म्यूट केलाय. बोल."

"तू पुन्हा काढत का नाहीस? दातांच्या डॉक्टरांना तर मी केव्हाच नाही सांगून टाकलं. कुणी मागणार नाही. मीसुद्धा नाही मागणार."

"नाही काढावंसं वाटत."

"माझ्यामुळे?"

"चल. तुझ्यामुळे काय?"

"मग?"

"काही नाही गं."

"आई, तुला ती आवडली नव्हती का? बांधलेली?"

"कोपरे किती सुरेख जुळवले होतेस."

"कोपऱ्यांचं नाही विचारत."

आईने टीव्हीचा रिमोट हातात फिरवला. मग जे सांगितलं ते किटलीकडे न बघता सांगितलं.

"डोळ्यांची पट्टी निघाली ना, तेव्हा मला आधी मावशीची बादली दिसली. निळी. इतकी निळी की मला वाटलं नवी घेतली. ती म्हणाली, तीच आहे, जुनी. मग सगळीकडेच दिसायला लागला निळा. भांड्यांना निळा, भिंतीच्या सावलीत निळा, माझ्या नखांना. इतकी वर्षं डोळ्यांत पिवळं साचलं होतं आणि मला वाटायचं जगच तसं आहे. घरी येताना बसमध्ये मी मनात किटलीच काढत आले. म्हटलं, जाऊन आधी ती पुसायची. ती सगळी चुकीची आहे. दांडीखाली जांभळं घातलंय मी, तिथे निळा असणार. पोहोचल्या पोहोचल्या बसायचं, हातपायही धुवायचे नाहीत."

लेकीच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती आनंदात होतीस. आणि बोलले की. पिवळी आहे म्हटलं."

"मला वाटलं दिव्यामुळे."

"हो. दिवा बदललास तू."

दोघी थोडं हसल्या. मग नाही.

"अजून दिसतो? निळा?"

"दिसतो ना. सगळ्यांना दिसतो तसा." आईने रिमोट खाली ठेवला. "सवय होते गं. आता बादली बादलीसारखी दिसते."

·

किटली. भिंतीवरून खाली, टेबलावर पालथी.

लेकीने मागची टेप कटरने चिरली. खिळे पक्कडीने एकेक उचकटले. इतक्या घट्ट बांधलेल्या चौकटीला शिव्या घालायच्या तर स्वतःलाच घालाव्या लागल्या असत्या. काच, माउंट, पट्ट्या. कागद मोकळा झाला तसा खोलीतला उजेड त्याच्यावर सरळ पडला, आणि ती खरंच गरम दिसली. आता लेकीलाही पिवळं दिसलं. सांगितल्यावर.

तिने जुना ब्रश शोधून आणला आणि आईच्या हातात दिला.

"पूस."

आईने ब्रश कागदावर धरला. टेकवला नाही.

"आता नाही पुसवत," ती म्हणाली. "तेव्हा मला ठाऊकच नव्हतं ही चांगली आहे. तुम्ही सगळ्यांनी सांगितलंत."

"तुला नवीन काढायची होती ना पण."

"होती." तिने ब्रश परत दिला. "तू पूस. तुझी आहे ती."

लेकीला वाटलं, राहू दे. जशी आहे तशी पुन्हा चौकटीत घालावी, टेप लावावी, भिंतीवर टांगावी. निदान काहीतरी हाती राहील. मग तिला बस दिसली, आणि बसमध्ये मांडीवर पिशवी धरून मनात किटली काढत येणारी बाई.

तिने झाडलं. दांडीवरची फिकट रेघ सगळ्यात आधी गेली. सावली अडून बसली, तिला दोन-तीनदा फिरवावं लागलं. पूड टेबलभर उडाली. आईने खाली वर्तमानपत्र सरकवलं, कागद उलटा करून टकटक केलं आणि बरणी उघडून पुढे धरली. हाताची सवय गेली नव्हती. पण बरणीला झाकण लावून ती मागे टेकून बसली. पेटीकडे हात गेला नाही.

लेकीने थोडी वाट पाहिली. मग तिनेच पेटी उघडली.

"मी काढू?"

"काढ की."

जन्मभर दुसऱ्यांच्या चित्रांना कोपरे जुळवलेल्या बाईला खडू कसा धरायचा हेही माहीत नव्हतं. तिने तो पेन्सिलीसारखा धरला आणि तो मोडला.

"मोडू दे. तुकडा आडवा धर," आई म्हणाली.

किटली. पोट गोल, वर दांडी.

"हे काय आहे?"

"किटली."

"काकांना बोलवू का? त्यांना ओळख आहे असल्या प्राण्यांची."

"आई, सांग ना नीट. आता काय करू?"

"चोच सोड. आधी सावली. एवढी काळी नको." आई पुढे वाकली. तिचं बोट कागदाच्या वर, रंगाला न लागता फिरत होतं. "इथे. दांडीच्या खाली. इथे निळा होता."

लेकीने मान वर करून, आता शेल्फवर ठेवून दिलेल्या किटलीकडे पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. दांडीखाली काळं होतं.

"दिसतोय?" आईने विचारलं.

"कुठला निळा घेऊ?"

आईने पेटीतला एक तुकडा बोटाने दाखवला. तोही उचलला नाही. लेकीने तो घेतला, आडवा धरला, आणि आई म्हणाली होती तिथे लावला.