‘का?’ विचारणाऱ्यांचा बाक

मी हॉस्पिटलातल्या प्रार्थनेच्या खोलीतला बाक बोलतोय. हळूच बोलतो, कारण इथे कुणी मोठ्यानं बोलत नाही. शिवाय आता तेवढं त्राणही उरलेलं नाही.

एका म्हाताऱ्या सुतारानं मला चर्चसाठी घडवलं. लग्नं बघायला मिळतील, गाणी ऐकायला मिळतील, अशी माझी स्वप्नं. पण तिथे जागा पुरली नाही आणि माझी रवानगी इकडे झाली. समोर भिंतीवर क्रूस, बाजूला खिडकी, मध्ये मी. बस्स.

माणसं आधी अगदी टोकावर बसतात, जणू लगेच उठायचंय. मग मागे रेलतात, नखानं माझं पॉलिश खरवडतात आणि विचारतात, “का?” कुणी हुंदके देत, कुणी नुसते ओठ हलवत. ऐकून ऐकून माझं लाकूडसुद्धा शिणलं.

इथले पाळक, म्हणजे प्रार्थना चालवणारे धर्मगुरू, मायाळू माणूस. शिकलेले. उत्तरं तोंडावर तयार. एका दुपारी बेकरीवाल्या मावशी आल्या. हॉस्पिटलला पाव त्यांच्याकडूनच येतो. त्यांच्या तरण्याताठ्या मुलाला दारू प्यायलेल्या एका माणसानं गाडीखाली चिरडलं होतं. नुकतंच डॉक्टरांनी हात टेकले होते.

पाळक समोर उभे राहिले. “मावशी, देवानं माणसाला बाहुली नाही केलं. प्रेम करायची मोकळीक दिली. मोकळीक म्हटली की वाईट वागायचीही आलीच.”

“मोकळीक त्या दारुड्याला मिळाली. माझ्या पोराला काय मिळालं?”

पाळकांनी दुसरं उत्तर काढलं. “हे जग देवानं घडवलं तसं राहिलं नाही. पाप शिरलं, मरण शिरलं. पण शेवटी तो सगळं नीट करणार आहे.”

“शेवटी! तोवर मी घरी जाऊन कुणाला जेवायला वाढू?” मावशी अशा ताडकन उठल्या की मी भिंतीवर आपटलो.

पाळक खोटं बोलले नव्हते. पण त्यांचे शब्द तिथेच पडून राहिले. कुणी उचललेच नाहीत.

पुढच्या वर्षी पाळकांच्या बायकोला कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या दिवशी ते माझ्यावर येऊन बसले. तसेच, टोकावर. या दुखण्यात कुठला दारुडा नव्हता, कुणाची मोकळीक नव्हती. दोष द्यायचा तरी कुणाला? पाव पोचवून निघालेल्या मावशींनी दारातून त्यांना पाहिलं.

“मावशी, त्या दिवशी मी तुम्हाला...”

“राहू द्या, पाळकसाहेब.” त्या शेजारी बसल्या.

मग पाळकांनी विचारलं, “तुम्ही अजून प्रार्थना करता?”

“भांडते. माझा राग गेलेला नाही, आणि जाईलसं वाटतही नाही.” मावशींनी क्रूसाकडे बोट केलं. “पण त्यावर खिळलेल्यानंही मरताना ‘देवा, मला का सोडलंस?’ असं विचारलंच होतं ना? तेव्हा त्यालाही उत्तर मिळालं नव्हतं. मग वाटतं, भांडायला हाच बरा. दुखणं काय असतं ते याला ठाऊक आहे.”

पाळकांनी चेहरा ओंजळीत घेतला. मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आत बोलावणं येईपर्यंत काढला नाही.

पाळकीणबाई त्या दिवशी वाचल्या, पण फार काळ जगल्या नाहीत. त्या गेल्यावर महिन्याभरानं पाळक कामावर परतले. आता ते उभं राहून बोलत नाहीत. शेजारी बसतात, गेलेल्याचं नाव विचारतात आणि ऐकत राहतात. कुणी विचारलंच, तर मोकळिकीचं सांगतात, पापाचं, पुनरुत्थानाचंही. तेच शब्द, पण सांगताना आता आवाज कापतो. लोक ऐकून घेतात.

माझा मागचा पाय आता खिळखिळा झालाय. येत्या आठवड्यात मला काढून इथे स्टीलच्या खुर्च्या टाकणार आहेत म्हणे. काढा बापडे, दमलोय मी. एकच विनंती आहे. त्या खुर्च्यांना मधे दांडे नकोत. रडणाऱ्याच्या खांद्यापर्यंत शेजारच्याचा हात पोचला पाहिजे.