वरचं अक्षर सांगा

मित्रांनो, डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर टांगलेला मी एक जुना अक्षरतक्ता आहे. वर एक ढब्बू अक्षर, खाली बारीक होत गेलेल्या ओळी. छापखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता कडा पिवळ्या पडल्या आहेत. खूप डोळे पाहिले, पण एका बसचालकाचा उजवा डोळा विसरत नाही.

पहिल्यांदा आला तेव्हा त्याला त्या डोळ्याने माझ्या वरच्या ओळीच वाचता आल्या. "लाल सिग्नल विटकरी दिसतो," तो म्हणाला. तपासण्या झाल्या आणि निदान झाले: सारकॉइडोसिस. डॉक्टरीणबाईंनी समजावले, "शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच बिथरल्यात. छातीत गाठी झाल्यात आणि डोळ्याच्या नसेला सूज आलीय." स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू तो खालच्या ओळीही घडाघडा वाचू लागला. मी मनोमन हरखलो.

मग तो येईनासा झाला. गोळ्यांनी चेहरा सुजला, लोक हसले, म्हणून त्याने त्या परस्पर बंद केल्या. परत आला तो बायकोचा हात धरून. डॉक्टरीणबाईंनी त्याचा डावा डोळा झाकला.

"वरचं अक्षर सांगा."

तो हळूच म्हणाला, "तक्ता आहे ना तिथे?"

बाईंनी विजेरी उचलून त्याच्या डोळ्यात प्रकाश टाकला.

या वेळी शिरेतून स्टेरॉइड दिले, आणि सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी.

"म्हणजे आगीतून फुफाट्यात," तो पुटपुटला.

"धोका आहेच," बाई म्हणाल्या. "म्हणून रक्त तपासत राहू. ताप आला तर लगेच यायचं. पण नस एकदा वाळली की परत हिरवी होत नाही."

बायको म्हणाली, "गोळ्यांचा डबा आता माझ्याकडे. रुसायचं तर खुशाल रुसा."

पुढची प्रत्येक भेट माझ्या जिवाला घोर. आधी नुसता पांढरा चौकोन, मग वरचे अक्षर, मग अडखळत एकेक ओळ. अगदी खालच्या ओळी त्याला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. बस चालवणे सुटले; आता तो आगारात नव्या चालकांना शिकवतो.

परवा त्याने विचारले, "आता तरी बंद करू?" बायकोने नुसते पाहिले. "विचारतोय फक्त," तो घाईने म्हणाला, "ठरवत नाहीये." बाई मोकळेपणी हसल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण एखादा रंग फिका वाटला तर गप्प बसू नका, आणि बरे वाटते म्हणून आपल्या मनाने औषध सोडू नका. मी समोर असताना मलाच शोधणारा माणूस मला पुन्हा बघवणार नाही.